पांढऱ्या पिशवीतलं भिंग

मानवतला मोंढ्याच्या मागच्या गल्लीत रामलिंगअप्पांचं फोटोचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे एक अंधारी खोली आणि मागे पत्र्याचं छप्पर. छपराचे उत्तरेकडचे दोन पत्रे काढून तिथं काचा बसवल्या होत्या आणि काचेखाली मांजरपाटाचा पडदा बांधला होता, म्हणजे ऊन अंगावर येत नसे आणि उजेड मात्र भरपूर मिळे. कॅमेरा एकच. सागवानी पेटीचा, पितळी कड्यांचा, तीन पायांच्या घोडीवर उभा. त्याच्या मागच्या भिंतीत दोन खुंट्या होत्या. एकीवर पांढऱ्या मांजरपाटाची पिशवी, दुसरीवर तांबड्या मखमलीची, आणि दोन्हींत एकेक भिंग. पांढऱ्या पिशवीतलं भिंग मयतासाठी आणि तांबड्या पिशवीतलं जित्या माणसासाठी, हे मानवतात लहान पोरालाही ठाऊक होतं.

हे दोन पिशव्यांचं प्रकरण अप्पांनी स्वतःच उभं केलं होतं.

घराणं लिंगायत वाण्याचं. वडिलांचा किराणा होता, पण अप्पांचं मन तराजूत रमलं नाही. परभणीला एका फोटोवाल्या उस्तादांच्या हाताखाली त्यांनी अकरा वर्षं काचा धुतल्या. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीनंतर उस्तादांनी दुकान मिटलं आणि लेकीकडे हैद्राबादेला जाताना सागवानी कॅमेरा अप्पांच्या हवाली केला. निघताना एवढंच म्हणाले, "शीशा दोच चीजां मंगता, बेटा. या तो उजाला देव, या तो वखत देव." म्हणजे भिंगाला उजेड तरी हवा, नाहीतर वेळ तरी. अप्पांनी मानवतला येऊन दुकान थाटलं आणि दोन महिन्यांत त्यांना कळून चुकलं, की उस्तादांचं भिंग वेळच फार मागतं.

त्या भिंगाचं तोंड बारीक होतं. त्याला आतून उघडझाप करणारं शटर नव्हतं. पितळी टोपण काढायचं, तोंडानं मोजायचं आणि टोपण परत लावायचं. पडद्याच्या उजेडात दोन मोजावे लागत, घराच्या ओसरीत पाच, कधी सात. एवढ्या वेळात समोरचं माणूस हललं की काचेवर त्याचा धूर होई. न हलणाऱ्या वस्तूवर मात्र त्या भिंगाचा हात धरणारं दुसरं नव्हतं. देवळाचा कळस, जिनिंगचं इंजिन, चाळीस जणांचा मास्तर लोकांचा समूह, सगळं कडेपर्यंत रेखीव येई. मागच्या रांगेतल्याच्या कोटाची गुंडीसुद्धा मोजून घ्यावी.

बोरीचे मुंजाजी पाटील एकदा आपली खिल्लारी जोडी घेऊन आले. बैल धुतलेले, शिंगं रंगवलेली. अप्पांनी तीन मोजले. बैल उभे राहिले, पण माशा काही थांबल्या नाहीत. फोटो तयार झाला तेव्हा दोन्ही बैल दगडात कोरल्यासारखे स्पष्ट होते, फक्त शेपट्या नव्हत्या. हलत्या शेपटीचा ठसाच काचेवर उमटला नाही. मुंजाजींनी फोटो उलटसुलट करून पाहिला.

"अप्पा, आनले तवा बैल धडके होते," ते म्हणाले. "तुमी तर दोन्ही बांडे करून ठेवले. आता बाजारात कोन इचारील यांना?"

पुढे कितीतरी दिवस मुंजाजी मोंढ्यात दिसले की लांबूनच ओरडत, अप्पा, शेपट्या सापडल्या का. अप्पा हसत, पण मनाला ते लागून राही. लहान पोरं, नवऱ्यामुली, हसरी माणसं, हे सगळं त्या भिंगाच्या तावडीत येत नव्हतं.

येत होतं ते मयत. लिंगायतांत माणूस लिंगैक्य झालं की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळी विभूती लावतात, हार घालतात आणि सजवलेल्या पालखीसारख्या विमानात बसवून नेतात. नेण्याआधी घरच्यांना एक फोटो हवा असतो, कारण पुष्कळांचा जन्मातला तोच पहिला फोटो. अप्पांना त्यासाठी पार राणीसावरगावापासून बोलावणी येत. ओसरीत उजेड कमी, म्हणून सहा मोजायचे. मयताच्या दोन्ही बाजूंना घरचे बसत आणि रडू आवरून श्वास धरत, तरी कुणाचा खांदा हलायचा, कुणाची मान. त्या फोटोंत बायकोचं तोंड पुसट, लेकाचं तोंड पुसट, आणि मधे बसलेलं मयत तेवढं अगदी स्वच्छ दिसे. अप्पांना ते पाहवत नसे, पण लोक खूश असत. बघा, म्हणत, म्हातारा आता बोलेल असा आलाय.

एक दिवस सुग्रीव नावाचा शेतकरी लेकीला घेऊन आला. तिचा फोटो पाहुण्यांना दाखवायला पाठवायचा होता. मुलगी पाटावर बसली. अप्पांनी काळं फडकं डोक्यावर घेतलं, तेवढ्यात सुग्रीवनं विचारलं, की परवा गल्लीतल्या म्हाताऱ्याला हाच डोळा लावला होता का? अप्पा खोटं बोलले नाहीत. सुग्रीवनं काही वाद घातला नाही. मुलीला उठवलं, पदर सारखा करायला सांगितला आणि निघून गेला. त्या महिन्यात आणखी दोन घरं अशीच परत गेली.

आता लिंगायतांत मयताचं सूतक धरत नाहीत. मेलेल्या माणसाला शिवून आलं की बाट लागतो, हे अप्पांना लहानपणापासून कुणी शिकवलंच नव्हतं. पण गिऱ्हाईक काही फक्त लिंगायत नव्हतं. शेवटी एक्कावन्न साली ते पैसे बांधून हैद्राबादेला गेले.

आबिद रोडवरच्या दुकानदारानं त्यांच्यापुढे दोन वस्तू ठेवल्या. एक घडीचा छोटा कॅमेरा, हातात धरून फोटो काढायचा, रोल घालायचा, घोडी नको की काळं फडकं नको. दुसरं नुसतं भिंग, रुंद तोंडाचं, पोटात शटर असलेलं, जुन्या सागवानी पेटीलाच फळी बदलून बसणारं. अप्पा दोन दिवस त्या दुकानाच्या पायऱ्या चढले-उतरले. छोटा कॅमेरा हातात घेतला की ठेववत नव्हता. पण त्याची निगेटिव्ह दोन बोटांची. तिच्यावरून मोठा फोटो करायचा तर विजेचं यंत्र लागतं आणि मानवतच्या गल्लीत वीज नव्हती. सागवानी कॅमेऱ्याची काच वीतभर, तिच्याखाली कागद ठेवून उन्हात धरला की तेवढाच फोटो तयार. शिवाय रोल संपेपर्यंत धुता येत नाही, आणि लग्नाघरचं माणूस दुसऱ्या दिवशी दारात उभं. हिशेब सरळ होता. अप्पांनी भिंग घेतलं.

गावात आल्यावर त्यांनी दोन पिशव्या शिवून घेतल्या आणि येईल त्याला समजावून सांगू लागले, की पेटी म्हणजे नुसती अंधारी खोली, तिला काही दिसत नाही. पाहतो तो डोळा. मयताचा डोळा वेगळा ठेवलाय, तुमचा वेगळा. लोकांना हे पटलं. सुग्रीव स्वतः लेकीला घेऊन परत आला. नव्या भिंगापुढे पोरं हसतच आली काचेवर, नवऱ्या लाजतच आल्या.

अप्पांच्या बायकोला, सिद्धम्माला, हे काही रुचलं नव्हतं. "आजवर एखादा इचारायचा," ती म्हणाली होती. "आता समदे इचारतील. तुमीच त्यांच्या डोक्यात घालायलाव."

तीन वर्षं कुणी विचारलं नाही.

चौपन्न सालचा फाल्गुन. जिनिंगचा हंगाम संपत आला होता आणि मोंढ्याच्या हवेत सरकीची बारीक तूस तरंगत होती. ती दिसत नसे, पण संध्याकाळी कपाळावरून हात फिरवला की बोटाला लागे. सकाळी दहाच्या सुमारास राधाकिशन शेटजींच्या पत्नी कस्तुराबाई दुकानात आल्या. सोबत घरकामाच्या तानुबाई, आणि कडेवर दीड वर्षाचा बन्सी.

राधाकिशनजींची मोंढ्यात मोठी आडत होती. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर झालेलं हे पहिलं पोर. शेटजींच्या आई नर्मदाबाई यांनी सांगून ठेवलं होतं, की जडुला उतरेपर्यंत, म्हणजे जन्माचे केस काढेपर्यंत, पोराचा फोटो काढायचा नाही. पण कस्तुराबाईंचे वडील जालन्याला अंथरुणाला खिळले होते. त्यांना नातू बघायचा होता. नर्मदाबाई त्या दिवशी गंगाखेडला गंगेच्या स्नानाला गेल्या होत्या. परत यायच्या आत फोटो काढून व्हायला हवा होता.

कस्तुराबाईंनी पाटावर लोड ठेवून बन्सीला टेकवलं आणि पदराआडून विचारलं, "तांबड्या पिशवीतलंच हाय ना, अप्पा?"

अप्पा हो म्हणाले. त्या वेळी ते खरंच होतं. तांबड्या पिशवीतलं भिंग कॅमेऱ्याला लावलेलं होतं. दुधी काचेवर त्यांनी पोराचं उलटं चित्र नीट जुळवून घेतलं, शटर मिटलं, काच सरकवली आणि खटका दाबला. शटर उघडलंच नाही. पुन्हा चावी भरली, पुन्हा दाबलं. पातळ पोलादी पाकळ्या मिटल्या त्या मिटल्याच. सरकीची तूस आत जाऊन तेलात बसली असावी. उघडून साफ करायचं तर अर्धा दिवस. तानुबाई दाराकडे बघत होत्या. कस्तुराबाई म्हणाल्या, की अप्पा, जरा लवकर करा, आज न्हाई झालं तर कधीच व्हायचं न्हाई.

हैद्राबादच्या त्या छोट्या कॅमेऱ्याची अप्पांना त्या क्षणी आठवण झाली. हाताशी दुसरी पेटी असती तर प्रश्नच नव्हता. पण नव्हती. त्यांनी पांढऱ्या पिशवीकडे पाहिलं. आपल्यात सूतक नाही, ते मनात म्हणाले. पोर दोन मोजेपर्यंत बसणार नाहीच, काच वाया जाईल, मग उद्या या म्हणून सांगता येईल. कस्तुराबाई पोराचं काजळ पुसत होत्या. अप्पांनी वरून काळं फडकं ओढलं आणि त्याआड फळीसकट भिंग बदललं.

बन्सीची मान एका बाजूला कलली होती. अप्पा पुढे झाले आणि दोन बोटांनी हनुवटी धरून त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला. हनुवटी गरम लागली. अप्पांची बोटं नुकतीच काचा धुण्याच्या पाण्यातून निघालेली, गार होती. गार बोटांना सगळंच गरम लागतं. शिवाय बाई उन्हातून चालत आलेल्या. एवढं मनात येऊन गेलं आणि ते मागे सरले.

टोपण काढलं. एक. दोन. टोपण लावलं.

पोर हललं नाही. डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही. त्यानं सरळ भिंगात पाहिलं आणि पाहतच राहिलं. अप्पांच्या अकरा आणि सहा वर्षांत दीड वर्षाचं पोर असं कधी बसलं नव्हतं.

"लय गुणी पोरगं हाय, बाई," ते म्हणाले, आणि कस्तुराबाईंच्या चेहऱ्यावर पदराआडूनही हसू दिसलं.

दुपारी अंधाऱ्या खोलीत काच धुतली तेव्हा अप्पांचा आनंद पोटात मावेना. पापण्यांचे केस मोजता येत होते. जावळाची एकेक बट वेगळी. त्यांनी सिद्धम्माला बोलावून काच उजेडासमोर धरली आणि कोणतं भिंग लावलं तेही हसत हसत सांगून टाकलं. तिनं काच पाहिली आणि ती चुलीकडे परत गेली.

बन्सीला त्या रात्रीपासून ताप चढला. गोवर अंगावर फुटलाच नाही, आतच जिरला, असं पुढे सगळे म्हणाले. परभणीहून डॉक्टर येईपर्यंत उशीर झाला होता. सहाव्या दिवशी पोर गेलं. मारवाडी लोक एवढ्या लहान पोराला पुरतात. त्याचा फोटो काढायला कुणी बोलावलं नाही.

तेराव्या दिवशी राधाकिशनजी एकटेच दुकानात आले. त्यांना बसायला सांगितलं, ते बसले नाहीत. तानुबाईंनी घरात सांगितलं होतं, की अप्पानं काळ्या फडक्याखाली काहीतरी बदललं आणि ते पांढऱ्या पिशवीतून काढताना त्यांनी पाहिलं. नर्मदाबाईंनी तेव्हापासून अन्न सोडलं होतं.

"मी भांडायला आलो न्हाई," राधाकिशनजी म्हणाले. "कोनतं भिंग लावलं, येवढंच सांगा. आईला जाऊन सांगतो."

अप्पांच्या मागे दोन्ही पिशव्या टांगलेल्या होत्या. एक शब्द बोललं की उद्यापासून कोणतीही आई आपलं पोर या पाटावर बसवणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि ज्या गोष्टीचा दोष येणार तिच्यात मुळात दोषच नाही, असंही त्यांना वाटत होतं. भिंगानं कुणी मरत नाही. मग कशाला कबूल करायचं?

"तांबड्या पिशवीतलं, शेटजी," ते म्हणाले. "पांढरी पिशवी पुसायला काढली होती. तानुबाईंची बघन्यात चूक झाली."

शेटजींनी हात जोडले आणि ते निघून गेले. अप्पांनी हात धुतले, मग परत धुतले. हनुवटीची गोष्ट कुणी विचारली नव्हती. ती त्यांनी सिद्धम्मालाही सांगितली नव्हती. पण झोपेतून उठलं की पहिली तीच आठवे. पोर स्वस्थ बसलं होतं ते गुणी म्हणून नव्हे, त्याच्यात हलायचं त्राण नव्हतं. सतरा वर्षं माणसं न्याहाळण्याचा धंदा केला आणि समोरचं आजारपण दिसलं नाही. दिसलं, उलट त्याचा आनंद झाला. "बाई, पोराचं अंग गरम लागतंय" एवढं म्हटलं असतं, तर त्याच दिवशी परभणीला नेलं असतं. गुण आला असता की नाही, कोण सांगणार. पण नेलं तरी असतं.

आठ दिवसांनी सिद्धम्मा आडावरून रिकामी घागर घेऊनच परत आली. आडावर तिला तानुबाई भेटल्या होत्या. खोटं बोलली म्हणून त्यांना कामावरून काढलं होतं. पण खरी गोष्ट वेगळीच होती. भिंगाचा दोष नाही म्हटल्यावर नर्मदाबाईंनी सगळा दोष सुनेवर टाकला होता. जडुल्याआधी, चोरून, आपण घरात नसताना पोराला बाहेर काढलं. हिच्याच पायगुणानं गेलं. कस्तुराबाईंना जालन्याला पाठवायचं ठरलं होतं, आणि ते परत आणण्यासाठी नव्हतं. राधाकिशनजी आईपुढे तोंड उघडत नव्हते.

सिद्धम्मानं घागर खाली ठेवली. "आपल्यात सूतक न्हाई म्हनता ना? मग खोटं कामून बोलले तुमी? भ्यायचं कशाला होतं?"

अप्पा म्हणाले, की खरं सांगितलं तर दुकान बसेल.

"बसू द्या की. ती बाई उभी ऱ्हाईल."

"पन भिंगानं पोर मेलं, असं म्हनल्यासारखं होईल गं. ते तर खरं न्हाई."

"त्यांच्या घरात त्येच खरं हाय," सिद्धम्मा म्हणाली, आणि घागर घेऊन पुन्हा आडाकडे गेली.

अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांना पेच असा पडला होता, की जे सांगायचं ते चुकीच्या गोष्टीचं कबुलीपत्र होतं. भिंगाचं सांगितलं तर सून सुटत होती. हनुवटीचं सांगितलं तर ती आणखी अडकत होती, कारण पोर तिच्याच कडेवर होतं. परक्या माणसाच्या बोटांना कळलं ते आईला कसं कळलं नाही, असं म्हातारीनं विचारलंच असतं. म्हणजे खरा दोष पोटात ठेवायचा आणि नसलेला दोष चारचौघांत अंगावर घ्यायचा. आणि हे सगळं ते त्या बाईसाठी करत होते, की खऱ्या गोष्टीपासून स्वतःच पळत होते, हेही त्यांना नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेटजींच्या घरी गेले. जाताना ती काच कागदात बांधून घेतली, कारण ती मागतील असं त्यांना वाटलं. नर्मदाबाई ओसरीवर बसल्या होत्या. राधाकिशनजी पेढीवर निघायच्या तयारीत होते. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

अप्पा उभ्यानंच बोलले. "माजी, मी शेटजींना खोटं सांगितलं. नवं भिंग अडकलं होतं. मी पांढऱ्या पिशवीतलं लावलं. बाईंनी आधी इचारलं होतं, मी तांबडं हाय म्हनलो होतो. मागून बदललं ते त्यांना ठाऊक न्हाई. तानुबाईंनी पाहिलं ते खरं होतं."

राधाकिशनजी एक पाऊल पुढे आले. नर्मदाबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं. मग त्या अप्पांकडे वळल्या.

"तुमचे स्वतःचे लेकरं हायेत का, अप्पा?"

"दोन हायेत, माजी."

"त्यांचा फोटो काढला असता का तुमी, त्या भिंगानं?"

अप्पा म्हणाले, "काढलाय." हे खरं होतं. पांढऱ्या पिशवीच्या आधीच्या काळातलं होतं, पण ते सांगत बसले नाहीत. म्हातारीला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तिनं काच मागितली.

कागद सोडवून तिनं काच अंगणाच्या उजेडासमोर धरली. निगेटिव्हमध्ये पोराचं तोंड काळं आणि केस पांढरेशुभ्र दिसत होते.

"ह्यो म्हातारा कोन?" तिनं विचारलं.

काचेवर सगळं उलट उमटतं, अप्पांनी सांगितलं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. म्हातारीनं काच जवळ घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली. मग तिला ओळख पटली असावी, कारण तिचे ओठ हलले. ती काच फोडेल म्हणून राधाकिशनजींनी नजर दुसरीकडे वळवली होती. पण तिनं ती लुगड्याच्या पदरात गुंडाळली आणि मांडीवर ठेवली. चित्र उमटलेली मसाल्याची बाजू कापडाला घासत होती. तशी ठेवली तर दोन महिन्यांत चरे पडतील, कागद तरी लावा, असं अप्पांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी रिकामा कागद घडी करून खिशात घातला.

"सुनेला म्या बोल लावला तो वापस घेते," नर्मदाबाई म्हणाल्या. "तुमी मात्र या दारात परत येऊ नका."

कस्तुराबाई जालन्याला गेल्या नाहीत. तानुबाईंना पुन्हा कामावर घेतलं. आणि मोंढ्यात दुपारपर्यंत सगळ्यांना सगळं कळलं.

अप्पांच्या पाटावर नंतर जितं माणूस बसलंच नाही म्हणायला हरकत नाही. वाटेत दिसले तर बाया पोरांची तोंडं पदराखाली घेत. मुंजाजी पाटलांनी शेपट्यांची चेष्टा बंद केली आणि अप्पांना त्याचंच जास्त वाईट वाटलं. लिंगायतांची बोलावणी चालू राहिली. जिनिंगच्या मालकांना यंत्रांचे फोटो लागत, तालुक्याच्या कचेरीला पुलांचे आणि शाळांच्या इमारतींचे लागत. जे हलत नाही ते सगळं अप्पांकडे येई, आणि जुन्या भिंगातून ते फार सुरेख उतरे. साफ केलेलं नवं भिंग तीन वर्षं तांबड्या पिशवीत नुसतं पडून होतं. सत्तावन्न साली परभणीच्या एका तरुण फोटोग्राफरला त्यांनी ते देऊन टाकलं.

ते देऊन परत येताना मानवत रोडच्या ठेशनावर त्यांना कस्तुराबाई दिसल्या. राधाकिशनजी तिकिटाच्या खिडकीशी उभे होते. कस्तुराबाईंच्या कडेवर वर्षाची मुलगी होती, सारखी पाय झाडत होती, बांगड्या ओढत होती. अप्पांनी मान वळवली आणि ते नळाकडे गेले. पाणी पिऊन वळले तर कस्तुराबाई मागे उभ्या होत्या.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि घाईनं विचारलं. "अप्पा, येकच सांगा. तुमी त्याच्या हनुवटीला हात लावला होता. अंग गरम होतं का त्याचं?"

तीन वर्षं हाच प्रश्न अप्पा स्वतःला विचारत होते. पण तो या बाईच्या तोंडून येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. तिला आता कशाला दुखवायचं, असा विचार त्यांनी केला. तिच्या कडेवर दुसरं लेकरू होतं. तिचा संसार कसाबसा सावरला होता.

"न्हाई, बाई," ते म्हणाले. "गार होतं. मला तरी गरम लागलं न्हाई."

कस्तुराबाईंना जे हवं होतं ते मिळालं नाही, असं त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

"मला लागलं होतं," त्या म्हणाल्या. "घरून निघतानाच लागलं होतं. वाटलं, तुमाला बी लागलं असंल."

तेवढ्यात राधाकिशनजींनी हाक मारली. कस्तुराबाईंनी मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि त्या फलाटाच्या पुढच्या टोकाकडे चालू लागल्या. मला बी लागलं होतं, असं अप्पांना ओरडून सांगायचं होतं. ते चार पावलं गेलेही. पण शेटजींनी त्यांना पाहिलं, आणि अप्पा जागीच थांबले. गाडी आली. बायकांच्या डब्याशी गर्दी झाली, आणि कस्तुराबाई कोणत्या दारानं चढल्या तेही त्यांना दिसलं नाही.